पंपाची नाडीपरीक्षा

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वार्षिक मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हास केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचा विषय जाहीर होताच काही मंडळींच्या मुखावर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. मुलामुलींचे शिक्षण, लग्नातील वायफळ खर्च, वसतिगृहाची इमारत हे विषय या व्यासपीठास शोभणारे आहेत. त्यांत एका निवृत्त गुरुजीने मोटारपंपावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटणे साहजिक आहे. आम्ही इंजिनिअर नाही. मॅट्रिक झाल्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि उभी हयात भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत मुलांना पाढे शिकविण्यात घालविली. परंतु निवृत्तीनंतर एका पंपाने आम्हास जो धडा शिकविला, त्याची फी आम्ही फार मोठी भरली आहे. तो धडा आपणा सर्वांस विनामूल्य मिळावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आपण कोहळी समाजाची माणसे आहोत. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आपल्या पूर्वजांची ओळख तलाव बांधणारे कृषक अशी करून दिलेली आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. तो आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण १९९९ पर्यंत तो आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव त्यांस चिकटले. बांधणाऱ्यांचा हक्क गेला, परंतु त्यांची विद्या जाण्याचे कारण नव्हते.

ती विद्या केवळ पाळ बांधण्याची नव्हती. पाळ राखण्याचीही होती. आमचे आजोबा पावसाळ्यात कंदील घेऊन तलावाच्या पाळीवर फिरत, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. पाळीच्या मागील अंगास पाणी पाझरताना दिसले की ते ओंजळीत घेऊन कंदिलाच्या उजेडात पाहत. पाणी नितळ असले तर म्हणत, "पाझर आहे, चालायचाच." गढूळ दिसले तर मात्र त्याच पावलांनी गावात जाऊन माणसे उठवीत. नितळ पाझर म्हणजे नुसते पाणी जात आहे. गढूळ पाझर म्हणजे पाण्याबरोबर पाळीची माती जात आहे, आणि आत बोगदा पडू लागला आहे. पाळ फुटायची ती एका रात्रीत फुटते, परंतु तिचे फुटणे कित्येक दिवस आधी सुरू झालेले असते. आमचे सारे भाषण या एका वाक्यात आले आहे. पुढे जे सांगावयाचे आहे, ते पाळीच्या जागी पंप ठेवून सांगावयाचे आहे.

आता आमची स्वतःची कहाणी ऐकावी. निवृत्तीनंतरचा तो पहिलाच उन्हाळा होता. घरची अडीच एकर बांधी, विहिरीत पायरीवर बसविलेला पाच अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप आणि उन्हाळी धान. पंपाचे पाणी प्रथम गोठ्याजवळच्या सिमेंटच्या टाक्यात पडे व तेथून बांधीत जाई. शेतीचे काम आमचा पुतण्या पाहत होता. एप्रिल महिन्यात धान निसवले होते. या सुमारास बांधीस पाण्याचा ताण पडला तर लोंबीत दाणा भरत नाही, हे आपणास सांगावयास नको.

एके दिवशी सकाळी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, टाके भरायला आताशा उशीर लागतो. पूर्वी दोन गाई पिळून होईतो टाके भरायचे. आता गाई पिळून गोठा झाडून झाला, तरी भरत नाही."

आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "व्होल्टेज कमी असेल."

चार दिवसांनी पुतण्या म्हणाला, "काकाजी, पंप वाजतो. आत खडे फिरतात असं वाटतं." घरात त्याच्या बहिणीच्या लग्नाची धांदल होती. आम्ही म्हणालो, "अक्षता पडू दे, मग मिस्त्रीला बोलावू." पुढल्या आठवड्यात स्टार्टर वारंवार पडू लागला. तेव्हा पुतण्याने काय केले? स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेचा आकडा वाढवून ठेवला. स्टार्टर पडणे बंद झाले. आमच्या देखत त्याने हे केले, आणि आम्ही त्यास शाबासकी दिली, हे येथे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

लग्नाच्या आदल्या रात्री वीज आली. ऑटो स्विच लावलेला असल्यामुळे मोटार आपोआप सुरू झाली. घरची सारी माणसे मांडवात होती. पहाटे पुतण्या शेतावरून आला आणि एवढेच म्हणाला, "काकाजी, मोटार जळली."

लग्न पार पडले. मोटार दुरुस्तीस नेली, तर दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांगच लागलेली. ज्या महिन्यात आमची मोटार जळते, त्याच महिन्यात साऱ्या पंचक्रोशीच्या मोटारी जळतात, कारण उन्हाळा सर्वांस सारखाच असतो. नऊ दिवस गेले. बांधीस भेगा पडल्या. ज्या शेतात पन्नास क्विंटल धान व्हायचे, तेथे एकोणीस क्विंटल झाले, आणि त्यातही पोचट दाणाच अधिक. मुलीच्या लग्नाचे देणे त्या धानावर फेडावयाचे होते. ते फेडण्यास पुढे दोन वर्षे लागली. पुतण्याने त्या वर्षी कुणाकडे मान वर करून पाहिले नाही. दोष त्याचा एकट्याचा नव्हता.

मिस्त्रीने पंप आमच्यासमोर खोलला. फुटव्हॉल्व्हची जाळी शेवाळाने निम्मी बुजली होती. पंख्याच्या पात्यांवर, उंदराने कुरतडावे तशी, बारीक बारीक खोबणी पडली होती. बेअरिंगचे छर्रे झिजले होते. दांडा डगमगून मोटारीचा फिरता भाग स्थिर भागास घासला होता, आणि वाइंडिंग काळे ठिक्कर पडले होते. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, ही मोटार एका रात्रीत नाही मेली. महिनाभर आजारी होती."

आपल्याकडे म्हण आहे, दुखणे येते हत्तीच्या पायाने आणि जाते मुंगीच्या पायाने. यंत्राच्या दुखण्यास ही म्हण उलटी लागू पडते. ते मुंगीच्या पायाने येते, आणि जाताना हत्तीच्या पायाने शेत तुडवून जाते.

ही मुंगी कोणत्या वाटेने आली, ते पाहू. त्यासाठी शाळेतील थोडे विज्ञान आठवावे लागेल. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः पंप ओढीत नाही. तो नळीत पोकळी निर्माण करतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास वर ढकलतो. हे रहस्य इटलीतील टॉरिचेली या शास्त्रज्ञाच्या पाऱ्याच्या प्रयोगाने १६४३ च्या सुमारास उघड झाले. हवेच्या दाबास मर्यादा आहे. कितीही उत्तम पंप असला तरी सुमारे दहा मीटरच्या पलीकडे खालून पाणी घेणे त्यास शक्य नाही, आणि व्यवहारात सहा-सात मीटरच्या आतच राहावे लागते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली जाते, पंप मात्र त्याच पायरीवर बसलेला असतो. त्यात जाळी शेवाळाने बुजली की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाणीसुद्धा तेथे उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे पुढे दाबाच्या जागी गेले की फटकन मिटतात. मिटताना ते किती जोराचा घाव घालतात, याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले. जहाजांचे पंखे ज्या घावाने कुरतडले जातात, त्याच घावाने आमच्या विहिरीतील पंखा कुरतडला गेला. पुतण्यास ऐकू आलेले खडे हे खडे नव्हते. ते फुटणारे बुडबुडे होते.

पुढची साखळी सरळ आहे. बुडबुड्यांनी पंप थरथरू लागला. थरथरण्याने बेअरिंग झिजले. बेअरिंग झिजल्याने फिरता भाग घासू लागला. घासण्याने मोटार अधिक वीज ओढू लागली. अधिक वीज ओढताच रिले मोटार बंद पाडू लागला, आणि आम्ही रिलेचे तोंड बंद केले. या प्रत्येक पायरीवर पंपाने आम्हास हाक मारली होती. पहिली हाक आमच्या सौभाग्यवतींनी ऐकली, दुसरी पुतण्याने. आम्ही, म्हणजे घरातील शिकलेले माणूस, आम्हीच तेवढे बहिरे होतो. पहिल्या हाकेस ओ दिली असती, तर एका माणसाने पाण्यात उतरून जाळी घासून काढण्याइतकेच ते काम होते.

वर्गात एखादे मूल वारंवार रडत असेल आणि गुरुजीने त्याचे दुखणे न पाहता तोंडावर हात ठेवला, तर आपण त्या गुरुजीस काय म्हणू? रिलेचा आकडा वाढविणारा माणूस हेच करीत असतो. रिले पडतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. बहुधा तो आपले काम करीत असतो.

आता लक्षणे सांगतो. जुने वैद्य रोग्याकडे पाहत, त्यास स्पर्श करीत आणि प्रश्न विचारीत. तद्वत पंपाचीही परीक्षा करावी.

पहिले लक्षण पाण्याचे. 'पाणी कमी वाटते' या बोलण्यास अर्थ नाही. ते मोजले पाहिजे. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवावा आणि घड्याळ पाहावे. ड्रम पंचवीस सेकंदांत भरला तर पंप सेकंदाला आठ लिटर पाणी देतो. तोच ड्रम बत्तीस सेकंदांत भरू लागला तर पाणी सव्वासहा लिटरांवर आले, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक पाणी गेले. बांधीत वाहणारी धार पाहून हा फरक डोळ्यास कळत नाही, घड्याळास कळतो. डीपीवर किंवा स्टार्टरवर दुरुस्ती झाल्यानंतर पाणी अचानक कमी झाले, तर मोटार उलटी फिरत नाही ना, हे आधी पाहावे. दोन फेज अदलाबदल झाले की मोटार उलटी फिरते, पंप थोडेबहुत पाणी देतच राहतो, आणि माणूस विहिरीस दोष देत बसतो.

दुसरे लक्षण आवाजाचे. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लावली, आणि त्यातून आजचा स्टेथोस्कोप जन्मास आला. आपणही एक कोरडी लाकडी काठी घ्यावी, तिचे एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवावे व दुसरे कानाशी धरावे. निरोगी बेअरिंग एकसुरी गुणगुणते. जात्यात खडा सापडल्यासारखी घरघर आली, तर छर्रे झिजू लागले आहेत. पंपाच्या पोटात वाळू खळखळल्यासारखे वाटले, तर पाणी घेण्याच्या बाजूस अडथळा आहे. आणि मोटार न फिरता नुसतीच हुंकार देत असेल, तर एक फेज गेला आहे. तेथे क्षणभरही विचार न करता ती बंद करावी.

तिसरे लक्षण उष्णतेचे. बेअरिंगच्या घरास हाताची मागील बाजू लावून पाहावी, आणि त्यापूर्वी टेस्टर लावून खात्री करावी. मोटार गरम होणे हा दोष नव्हे. कालच्यापेक्षा अधिक गरम होणे हा दोष होय. हात क्षणभरही ठेववत नसेल, तर पंप थांबवून मिस्त्रीस बोलवावे.

चौथे लक्षण गळतीचे. ज्या पंपास ग्लँडची दोरी भरलेली असते, तेथून थेंब थेंब पाणी टपकत राहणे आवश्यक आहे, कारण त्या थेंबांनीच दोरी व दांडा थंड राहतो. काही उत्साही मंडळी तो थेंब बंद करण्यासाठी नट करकचून आवळतात आणि दांडा जाळून घेतात. पण थेंबांची धार झाली, तर दोरी झिजली असे समजावे. नितळ व गढूळ पाझराचा जो भेद आजोबांनी सांगितला, तोच येथे निराळ्या रूपाने आढळतो. प्रत्येक गळती शत्रू नसते. बदललेली गळती मात्र शत्रूची दूत असते.

पाचवे लक्षण थरथरण्याचे. पंपाच्या चौथऱ्यावर पाण्याने भरलेला लोटा ठेवावा. पाण्यावर बारीक वलये उठतात, ती दर वेळी लक्षात ठेवावी. एखाद्या दिवशी पाणी हिंदकळू लागले, तर पायाचे बोल्ट ढिले झाले असतील, पंख्यात कचरा अडकला असेल, किंवा बेअरिंग गेले असेल.

सहावे लक्षण विजेच्या आकड्याचे, आणि ते सर्वांत बोलके आहे. स्टार्टरवरील ॲमीटर बहुतेक ठिकाणी बंद पडलेला असतो, आणि त्याचे कुणास सोयरसुतक नसते. आमच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा नेहमीचा आकडा सात अँपिअरच्या आसपास असतो. व्होल्टेज उतरले की हा आकडा चढतो, म्हणून दोन्ही आकडे एकत्र पाहावे.

आता या लक्षणांचा मेळ कसा घालावयाचा, हे पाहू. व्होल्टेज पूर्वीइतकेच असून पाणी कमी झाले आणि अँपिअरही कमी झाले, तर पंपास पाणीच पुरेसे मिळत नाही. अशा वेळी जाळी, फुटव्हॉल्व्ह, पाइपाचे सांधे आणि विहिरीची पातळी पाहावी. पाणी तेवढेच आहे, पण अँपिअर वाढले, तर यंत्र कुठेतरी घासत आहे, बेअरिंग पाहावे. पाणी कमी झाले आणि अँपिअर वाढले, तर दुखणे बळावले आहे. त्या दिवशी पंप चालवू नये. अँपिअरचा काटा सारखा नाचत असेल, तर पाण्याबरोबर हवा येत आहे. एवढे चार नियम पाठ असले, तर मिस्त्री येण्यापूर्वीच अर्धे निदान झालेले असते.

परंतु मंडळी, या साऱ्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा कालचा आकडा आपणाजवळ असतो. चाळीस मुलांच्या वर्गात एखादे मूल परीक्षेत नापास झाले, की पालक म्हणतात, "एकदम कसे झाले?" आम्ही हजेरीपट काढून दाखवीत असू. जुलैमध्ये दोन गैरहजेऱ्या, ऑगस्टमध्ये पाच, सप्टेंबरमध्ये नऊ. मूल मार्चमध्ये नापास झाले नव्हते, ते जुलैपासून नापास होत होते. हजेरीपट नसता तर हे कुणासही दिसले नसते, कारण माणसाची स्मरणशक्ती हळूहळू होणाऱ्या बदलास फसते. रोज पाहणाऱ्यास आपले मूल वाढताना दिसत नाही. वर्षाने येणाऱ्या मामास ते एकदम दिसते.

म्हणून त्या उन्हाळ्यानंतर आम्ही एक कोरी वही घेतली आणि तिच्यावर 'पंपाचा हजेरीपट' असे लिहिले. दर रविवारी सकाळी दहा मिनिटे खर्च करून सहा रकाने भरावयाचे: तारीख, व्होल्टेज, अँपिअर, ड्रम भरण्यास लागलेले सेकंद, विहिरीतील पाण्याची खोली, आणि आवाज व उष्णता यांविषयी एक शेरा. शेऱ्याचा रकाना आमच्या सौभाग्यवतींकडे आहे, कारण त्यांचा कान आमच्याहून तिखट असल्याचे सिद्ध झालेले आहे.

या वहीने काय केले, तेही सांगतो. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये सेकंदांचा रकाना असा होता: पंचवीस, पंचवीस, सव्वीस, अठ्ठावीस, एकतीस. व्होल्टेज सारखेच, अँपिअर सातावरून साडेसहावर आलेले, आणि विहिरीची पातळी फारशी उतरलेली नाही. पुतण्या वही पाहून म्हणाला, "काकाजी, पाणी घेण्याच्या बाजूला हवा शिरते आहे." शोध घेतला, तो पाइपाच्या एका सांध्याचे रबर चिरलेले निघाले. एका सकाळीत काम झाले. त्या वर्षीचे धान घरात आले. ज्याने एकदा रिलेचे तोंड बंद केले होते, त्यानेच आता पंपाचे बोलणे वाचून दाखविले, याचा आनंद आम्हास धानाहून अधिक झाला.

आता काही बंधू म्हणतील, "गुरुजी, तुमचा पंप विहिरीत डोळ्यांसमोर आहे. आमचा सबमर्सिबल बोअरमध्ये खोल पुरलेला. त्यास काठी कशी लावावी?" प्रश्न रास्त आहे. जो रोगी पडद्याआड आहे, त्याच्याविषयी तर वहीची गरज दुप्पट आहे, कारण तेथे आकड्यांवाचून दुसरी साक्षच नाही. सबमर्सिबलच्या बाबतीत तीन गोष्टी अधिक पाहाव्या. बटन दाबल्यापासून पहिले पाणी येण्यास किती वेळ लागतो? तो वाढत गेला तर पाणी रोखणारा व्हॉल्व्ह गळतो, पाइपास भोक पडले आहे, किंवा पाण्याची पातळी खाली गेली आहे. पाण्यात वाळू येते काय? बादलीच्या तळाशी पाहावे. वाळू म्हणजे बोअरचा गढूळ पाझर. आणि पंप चालता चालता धार तुटून हवा येते काय? तसे असल्यास पाणी पातळीखाली गेले आहे, आणि सबमर्सिबल कोरडा चालणे म्हणजे त्याचा अंत.

सौर पंपाचा आकडा उन्हाबरोबर चढतो व उतरतो. म्हणून तेथे सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडू नये. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, ठरावीक वेळी, पट्ट्यांवरील धूळ पुसून माप घ्यावे.

ऑटो स्विचविषयी एक शब्द. रात्री वीज येणार, तेव्हा थंडीवाऱ्यात कोण जाणार, म्हणून हे यंत्र लोकांनी लावले. शेतकऱ्याचा त्रास आम्ही जाणतो. साप-विंचवाची भीती खोटी नाही. परंतु वीज येताच साऱ्या गावच्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात व डीपीवर असह्य भार पडतो. यास्तव वीज कंपनी ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवा असे वारंवार सांगत असते. आमची तक्रार आणखी निराळी आहे. ऑटो स्विचने पंपाजवळचा माणूस नाहीसा केला. पंप पूर्वीसारखाच हाक मारतो, पण ऐकण्यास तेथे कुणी नसते. किमान आठवड्यातून एकदा तरी चालत्या पंपापाशी उभे राहावे, एवढी आमची विनंती आहे.

यापुढील गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. पंपास, पाइपास किंवा स्टार्टरच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ते हसण्यावारी नेण्याचे लक्षण नव्हे. "जरासा करंट मारतो" असे म्हणून कित्येक जण पायात चप्पल घालून काम चालवितात. आज झिणझिण्या देणारा पंप उद्या ओल्या बांधीत अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा जीव घेऊ शकतो. तत्काळ मुख्य स्विच बंद करावा, तेथे दुसऱ्या कुणास जाऊ देऊ नये, वायरमनला बोलवावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. जाळी काढणे किंवा पंख्यास हात घालणे असेल, तर फ्यूज काढून खिशात ठेवावे. ऑटो स्विच असलेल्या पंपास तर हा नियम प्राणाहून जपावा. पिकाचे देणे आम्ही दोन वर्षांत फेडले. माणसाचे देणे कुणासही फेडता येत नाही.

शेवटी घरचा पंप सोडून गावाच्या पंपाकडे वळतो. आपल्या जिल्ह्यातील पाणी आता मोठ्या प्रमाणावर पंपांच्या हाती गेले आहे. सोंड्याटोला येथे पाणी उचलून ते चांदपूरच्या जलाशयात सोडतात. १९८८ साली ज्याची पायाभरणी झाली, त्या गोसीखुर्द प्रकल्पावर टेकेपार व नेरला यांसारख्या उपसा सिंचन योजना उभ्या आहेत. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांत घरोघरी नळ पोहोचविले जात आहेत. आपल्या पूर्वजांच्या तलावाचे पाणी उतारावरून आपल्या पायांनी बांधीत जात असे. तुडूम उघडले की काम झाले. आजचे पाणी चढावर जाते आणि पंपाच्या खांद्यावर बसून जाते. तो खांदा निखळला, की गावातील माता-भगिनींच्या डोक्यावर हंडा येतो. मोठ्या पंपगृहांत बेअरिंगची उष्णता आणि थरथर मोजणारी यंत्रे बसवितात, आणि एक पंप राखीव ठेवतात. लहान गावाच्या नळयोजनेत बहुधा एकच पंप असतो आणि त्याचा हजेरीपट कुणीच ठेवीत नाही.

यास्तव मंडळापुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या समाजातील अनेक तरुण आयटीआयमधून वीजतंत्री व फिटर होऊन बाहेर पडतात. प्रत्येक गावी अशा एका तरुणाने ही जबाबदारी घ्यावी. तारेभोवती चिमट्यासारखे धरून अँपिअर मोजणारे मीटर बाजारात मिळते. गावातील दहा घरांनी मिळून ते एक विकत घ्यावे. गावच्या नळयोजनेच्या पंपाची वही ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि पंधरा दिवसांनी तीत एक ओळ लिहावी. पावसाळा संपताच, म्हणजे उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, प्रत्येकाने आपला पंप एकदा उघडून पाहावा. त्या वेळी मिस्त्री मोकळा असतो आणि दुकानापुढे रांग नसते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवितो. आता मोटार जळाल्यावर मिस्त्री शोधू नये, हेही त्यांना शिकवू.

आमच्या आजोबांजवळ मीटर नव्हते, घड्याळही नव्हते. एक कंदील होता, आणि ओंजळभर पाणी पाहून उद्याचे संकट ओळखण्याची सवय होती. ती सवय ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्या समाजास एका पंपाची राखण जड जाऊ नये. आपल्या घरची वही येत्या रविवारी सुरू व्हावी, आणि पुढील मेळाव्यात आपणापैकी कुणी तरी ती आम्हास आणून दाखवावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.